अखंड चालू

कूलरच्या टाकीत साळुंकीनं घरटं केलं. टाकी होळीपासून कोरडी होती. तिला आयती खोली मिळाली.

देवहिवऱ्याच्या न्हाव्यानं दुकानाची पाटी बदलली. 'जिल्हा केशकर्तनालय'. जिल्हा अजून झालेला नव्हता, होणार अशी हवा होती. हवेवर पाटी रंगवून झाली.

इन्व्हर्टरची बॅटरी पाणी पिते. नळाचं चालत नाही. शुद्ध लागतं, बाटलीतलं, निलंग्याहून आणलेलं.

लातूरला रेल्वेनं पाणी आलं. बघायला गर्दी झाली. काहींनी घागरी नेल्या होत्या, काहींनी मोबाइल.

अर्धापूरच्या केळीनं मान टाकली.

मुदखेडात एक माणूस दुसऱ्याच्या निरोप समारंभाला जायचा, मागच्या खुर्चीवर बसायचा आणि शाल पांघरायची वेळ आली की उठून बाहेर जायचा.

हे सगळं एकाच उन्हाळ्यातलं. आणि ह्या सगळ्याच्या मधोमध, देवहिवरा पंचायत समितीच्या टँकर टेबलावर, एक कॉम्प्युटर होता. तो दोन वर्षं कुणी बंद केला नव्हता.

•

टेबल पंचशीलाकडं होतं. कोणत्या गावाला कोणता टँकर, कोणत्या विहिरीवरून, आज गेला का, नाही तर का नाही, सगळं त्या डब्यात. सरपंचाचा फोन आला की तिची बोटं चालायची आणि दुपार व्हायच्या आत टँकरचं तोंड त्या गावाकडं वळायचं. तालुक्यातल्या बाकी कुठल्याच कामाला असा वेग नव्हता, हे तिला माहीत होतं, आणि त्याचा थोडा तोरा तिच्या चालण्यात उतरला होता.

गुरुवारी लातूरहून फोन आला.

"मॅडम, श्रीमंत बोलतोय, संगणक कक्ष. सगळ्या तालुक्यांना नवी सिस्टीम टाकायलोय आम्ही. उद्या तुमचा नंबर. मशीन त्याच्या लायक हाय का तेवढं तपासायचं, बस. जागा बघायची, मेमरी बघायची, आन शेवटी एकदा बंद करून चालू."

"बंद करून?"

"हाव. काहून, अडचण हाय का काही?"

"छे. अडचण कशाची?" पंचशीला म्हणाली, आणि समोर बसलेल्या व्यंकटरावांच्या हातातली सुपारी कातरायची थांबली. "आणि समजा मशीन लायक नसलं तर?"

"तर मशीन उचलून आणायचं. टँकरचं टेबल लातूरला. तुम्ही मागणी कळवायची, आम्ही मंजूर करून पाठवू. तीन-चार दिवस लागतील फार तर."

फार तर! तांबरवाडीची सरपंच चतुराबाई एका खेपेला दोन तास उशीर झाला तर फोनवर पंचशीलाच्या सात पिढ्यांची चौकशी करायची, आणि बरोबरच करायची. तांबरवाडीच्या विहिरीत उतरलं तर पायाला ओल लागत नव्हती. तिथं तीन-चार दिवस म्हणजे गाव उठून चालू लागण्याचा हिशेब.

फोन ठेवून ती वळली. "बडेबाबू, ऐकलंत?"

व्यंकटराव कार्यालयाचे बडेबाबू, निवृत्तीला टेकलेले, कपाळाला गंध आणि खिशाला दोन पेनं. ते म्हणाले, "ऐकलं. उद्या रजा टाकू का मी?"

•

अडचण अशी होती.

हा कॉम्प्युटर सुरू करताना, बाकी काही दिसायच्या आधीच, काळ्या पडद्यावर पासवर्ड मागायचा. तो घातला होता ज्ञानोबांनी. ज्ञानोबा पंचशीलाच्या आधी ह्या टेबलावर होते. दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत कुणीतरी येऊन त्यावर पत्ते खेळून जायचं, म्हणून त्यांनी ते कुलूप लावलं. मग त्यांची बदली झाली मुदखेडला. जाताना त्यांनी रीतसर चार्ज दिला. कपाटाच्या किल्ल्या दिल्या, शिक्के दिले, भोक पाडायचं यंत्र दिलं, तुटक्या स्टूलाचीसुद्धा नोंद केली. कॉम्प्युटर समोर चालूच होता. चालू असलेल्या वस्तूची किल्ली कोण मागतं?

दुसऱ्या दिवशी वीज गेली. पंचशीलाला तेव्हा उमगलं, की हा बंद पडला तर उघडायचा शब्द इथं कुणाकडंच नाही. तिनं ओरडून पंखे बंद करवले, इन्व्हर्टरचा सगळा जीव त्या डब्याला दिला, आणि त्या दिवसापासून तो नेम होऊन बसला. वीज गेली की माणसांनी घामात बसायचं, कॉम्प्युटरनं चालायचं. रविवारी कुणीतरी येऊन बघून जायचं. दिवाळीत शिपाईण पारूबाई अंथरूण घेऊन आली. बॅटरीचं पाणी तीच बघायची.

"सप्त्यातली ईना हाय ती," पारूबाई नव्या माणसाला सांगायची. "खाली ठिवायची न्हाई. ठिवली की खंड पडला."

वरच्या साहेबांना हे माहीत नव्हतं, आणि ज्ञानोबांना विचारायचं कुणी नाव काढत नव्हतं. दर वेळी वाटायचं, पुढच्या महिन्यात सांगू. मग पुढचा महिना यायचा, आणि त्यात टँकर असायचे.

"त्याला फोन लावा ना मग," पारूबाई म्हणाली. "ग्यानबाला. इचारा, काय शबुद होता म्हून."

व्यंकटरावांनी खिडकीबाहेर बघायला घेतलं. कूलरवर साळुंकी होती. ते तिच्याकडं फार लक्ष देऊन बघत राहिले.

"मी लावते," पंचशीला म्हणाली.

•

"कोण?"

"काका, मी पंचशीला. देवहिवऱ्याहून."

"कोन पंचशीला?"

"काका, असं काय करता? टँकर टेबल. तुमच्यानंतर आले ती."

"माझ्यानंतर कशी? मी गेलोच न्हाई तिथून."

पंचशीलानं फोन कानापासून लांब करून बघितला आणि परत लावला. "म्हणजे?"

"मानूस जातो कवा? निरोप दिल्यावर. तुमच्या हापिसात रखवालदार गेला तरी हार, नारळ, शाल, भाषण, चिवडा. मला काय दिलं? मी पिशवी उचलली आन यष्टीत बसलो. फाटकापाशी कुत्रं तेवढं उठून उभं राहिलं. मंजी दस्तुराप्रमानं मी अजून तिथंच हाय. मग मला फोन काहून करून राहिली? हाक मार की, येतो टेबलावरनं."

हसावं की काय करावं तिला कळेना. तिनं खरं ते सांगून टाकलं: श्रीमंत, तपासणी, बंद करून चालू, टेबल लातूरला, तांबरवाडी.

"बंद केला न्हाई व्हय?" ज्ञानोबांचा आवाज बदलला होता. "मी गेल्यापास्नं?"

"एकदाही नाही."

"येडे हाव का रे तुम्ही," ते म्हणाले, पण हळू. मग म्हणाले, "पन पोरी, मला तो येत न्हाई."

"काय येत नाही?"

"पासवर्ड. तोंडानं येत न्हाई. मी काय जप केला होता का त्याचा? बोटं चालायची, दार उघडायचं. कोन्ती अक्षरं, किती, इचारशील तर देवाशपथ सांगता येनार न्हाई. हाताला म्हाईत हाय. मला न्हाई."

"मग हात घेऊन या, काका."

"येईन. पन असा चोरावानी मागच्या दारानं येनार न्हाई." ज्ञानोबांनी दम घेतला. "आन व्यंकटराव बोलला पाहिजे. लिहून आनलेलं नको. तोंडानं."

•

शुक्रवारी सकाळी कार्यालयात समारंभाची तयारी झाली. शाल आली, नारळ आला, पारूबाईनं पाहुण्यांपुरता पाण्याचा जार दडवून ठेवला. फळ्यावर पंचशीलानं लिहिलं: 'मा. ज्ञानोबा यांचा निरोप समारंभ'. खाली तारीख घालायची वेळ आली तेव्हा तिनं खडू ठेवून दिला.

"दोन वर्षांनी निरोप?" व्यंकटराव कुरकुरले. "लोक काय म्हणतील?"

"लोक टँकरच्या रांगेत आहेत बडेबाबू. तुम्ही भाषण बघा."

"त्या माणसाबद्दल काय बोलू मी? त्यानं साहेबांसमोर सांगितलं होतं, बडेबाबूंना टायपिंग येत नाही म्हणून. भर मीटिंगमध्ये."

"येतं का?"

व्यंकटराव शालीची घडी मोडून परत घालत बसले.

ज्ञानोबांची गाडी बाराला यायची होती. श्रीमंत साडेदहालाच आला. मोटारसायकल, तोंडाला रुमाल, गळ्यात पेन ड्राइव्ह अडकवलेला. नाव श्रीमंत असलं तरी आल्या आल्या त्यानं विचारलं, "पेट्रोल कुठं मिळंल उधार?" पारूबाईला तो तिथंच आवडला.

त्यानं पेन ड्राइव्ह लावला. पडद्यावर एक पट्टी सरकायला लागली.

मेमरी: पुरेशी आहे.

"लई चांगलं ठेवलंय मशीन," श्रीमंत म्हणाला. "धूळसुद्धा न्हाई."

"रोज पुसते मी. कुकू बी लावते आयतवारी," पारूबाई म्हणाली.

जागा: अपुरी आहे.

जागा कशानं भरली ते शोधलं तर आत व्यंकटरावांच्या भाच्याचं लग्न निघालं. हळदीपासून पाठवणीपर्यंत, चार तासांचं, तीन वेळा साठवलेलं.

"उडवतो," श्रीमंत म्हणाला.

"खबरदार!" व्यंकटराव खुर्चीतून उठले. "आमची अक्का आहे त्यात. नंतर वारली ती."

"तीन वेळा कशाला लागते अक्का?"

"असू द्या. एक ठेवा. दोन काढा." मग जरा थांबून, "कोणती काढताय ते मला दाखवा आधी."

व्हायरस: आढळले. काढले.

"आता शेवटचं," श्रीमंत म्हणाला. घड्याळात बारा वाजून गेले होते. गाडीचा पत्ता नव्हता. पडद्यावर चौकोन आला.

पुन्हा सुरू करा.

पंचशीला त्याच्या आणि पडद्याच्या मधे जाऊन उभी राहिली. "सर, एक विनंती होती. आज आमच्या ज्येष्ठ सहकाऱ्यांचा निरोप समारंभ आहे. प्रमुख पाहुणे मिळेनात. जिल्ह्याचे अधिकारी म्हणून तुम्हीच..."

"मी? अहो, मी कंत्राटी हाय."

"जिल्ह्याहून आलात ना?"

"आलो."

"मग झालं तर."

श्रीमंतला आयुष्यात कुणी प्रमुख पाहुणा केलं नव्हतं. त्यानं केसांवरून हात फिरवला. "पण मी त्यांना ओळखत न्हाई."

"प्रमुख पाहुण्यानं ओळखायचं नसतंय," पारूबाई म्हणाली, आणि त्याच्यासाठी हाताची खुर्ची पुसली.

•

ज्ञानोबा एकला आले. कडक इस्त्रीचा सफारी, घामानं पाठीला चिकटलेला, हातात पिशवी. दारात थांबून त्यांनी सगळीकडं नजर फिरवली. फळा वाचला. कूलरकडं बघितलं. तुटकं स्टूल तिथंच होतं, त्याला त्यांनी हात लावला. व्यंकटरावांना नमस्कार केला, पण हनुवटीनं.

"बसा काका," पंचशीला म्हणाली. तिला सरळ टेबलाकडं न्यायचं होतं त्यांना. पण ते समोरच्या मानाच्या खुर्चीवर जाऊन बसले आणि त्यांनी हात मांडीवर ठेवले. त्यांचा दस्तूर आधी, कॉम्प्युटर नंतर.

श्रीमंतनं भाषण केलं. ज्ञानोबांच्या कार्याचा ठसा जिल्ह्यात कायम राहील, असं त्यानं छातीठोक सांगितलं. टाळ्या झाल्या. मग व्यंकटराव उठले. बेचाळीस डिग्रीत ती लोकरी शाल दोन्ही हातांत धरून उभे राहिले.

"ज्ञानोबा... ज्ञानोबांनी ह्या कार्यालयात..." ते थांबले. "भोक पाडायचं यंत्र मिळालं. सगळं बरोबर मिळालं चार्जमध्ये."

पारूबाईनं कपाळावर हात मारला.

"थांब पारूबाई. बोलतो." त्यांनी शाल बगलेत धरली. "ह्यांनी साहेबांसमोर सांगितलं, बडेबाबूंना टायपिंग येत नाही. मला राग आला. लई आला. हे गेले त्या दिवशी मी मुद्दाम निलंग्याला मीटिंगला गेलो. मीटिंग नव्हती. रसाच्या गुऱ्हाळावर बसून राहिलो संध्याकाळपर्यंत. आणि मी गेलो म्हणून कुणी नारळ आणला नाही, कारण बडेबाबूशिवाय निरोप कसा द्यायचा? तर ते खरं होतं. येत नाही मला टायपिंग. एका बोटानं करतो. अजूनही. आणि टँकरचं टेबल ज्या पद्धतीनं चालतं ती..."

इथं खोलीत काहीतरी गेलं.

आधी कुणालाच कळलं नाही काय गेलं. मग कळलं. दोन वर्षं रात्रंदिवस त्या खोलीत जी बारीक घरघर होती, जी आता कुणाच्या कानाला ऐकूही येत नव्हती, ती थांबली होती. बाहेर साळुंकी बोलली तेसुद्धा स्पष्ट ऐकू आलं.

श्रीमंत टेबलापाशी उभा होता. "भाषण चालू हाय तोवर म्हटलं आपलं काम उरकावं," तो म्हणाला. "काय झालं? सगळे असे काहून बघायलेत मला?"

"खंड पडला," पारूबाई म्हणाली.

•

काळा पडदा. एक पांढरी रेघ लुकलुकत होती.

पंचशीलानं श्रीमंतला सगळं सांगितलं. आता लपवून काय राहिलं होतं? श्रीमंतनं मान खाजवली. "आतला सेल काढला की पासवर्ड जातो. पण डब्याला जिल्ह्याचं सील हाय. सील तोडलं की पंचनामा, पंचनामा केला की अहवाल, अहवाल गेला की..."

"टेबल लातूरला," पंचशीला म्हणाली.

"हाव. तीन चान्स असतेत. तीन चुकले की तो बंदच होऊन बसतो."

ज्ञानोबा उठले. शाल अजून व्यंकटरावांच्या बगलेतच होती. ते टेबलाशी बसले, बोटं मोडली, आणि टाइप केलं.

चूक.

"खुर्ची बदलली तुम्ही."

"तीच आहे काका."

त्यांनी डोळे मिटले. परत. बोटं मधेच अडखळली, पंचशीलाला दिसलं ते.

चूक.

तेवढ्यात तिचा मोबाइल वाजला. चतुराबाई. "ताई, आमचा टँकर कुठं हाय? बाया रांगंत हायत सकाळपासून."

"देते. पाच मिनिटं."

"तुमची पाच मिंटं मला म्हाईत हायत," चतुराबाई म्हणाली आणि फोन आपटला.

ज्ञानोबांनी हात मांडीवर घेतले. ते हातांकडं असे बघत होते जसे ते दुसऱ्याचे असावेत. "न्हाई येत," ते म्हणाले. "दोन साल झाले. विसरले ते."

पंचशीला उभी होती त्या जागेवरून तिला ते टेबल आणि ती पाठ दिसत होती, आणि तिला आठवलं. चार्ज घ्यायला आली होती त्या सकाळी. वीज नुकतीच आली होती. ज्ञानोबा हसत पारूबाईशी काहीतरी बोलत होते, पडद्याकडं बघतसुद्धा नव्हते, आणि टाइप करत होते. एका हातानं. कारण दुसऱ्या हातात...

"मावशी, चहा ठेवा. अर्धाच. बशीत द्या."

"आता चहा?" व्यंकटराव म्हणाले.

"आता."

पारूबाईनं जारमधलं पाणी घेतलं. बशी आली. ज्ञानोबांनी ती डाव्या हातात धरली, सवयीनं फुंकर मारली, आणि पंचशीला म्हणाली, "मावशी, काकांशी बोला काहीतरी."

"काय बोलू? सून कशी हाय म्हनलं ग्यानबा तुजी?"

"सून व्हय? सून हाय मर्जीची मालकीन. सकाळी नवाला उठती, आन उठली की मोबाइल..." ज्ञानोबांनी बशीतला घोट घेतला. उजवा हात कीबोर्डवर चालला होता. त्यांना त्याचा पत्ताच नव्हता. "...मोबाइल घिऊन बसती, आन मला म्हनती, मामा, तुमी..."

घरघर सुरू झाली.

पारूबाईनं दोन्ही हात जोडले, कुणाला ते तिलाच माहीत. व्यंकटरावांनी पुढं होऊन बगलेतली शाल ज्ञानोबांच्या खांद्यावर टाकली, भाषण अर्धंच राहिलेलं तसंच. ज्ञानोबांनी ती घामेजल्या गळ्याभोवती नीट ओढून घेतली आणि चहा संपेपर्यंत काढली नाही.

पडद्यावर ओळ आली.

हा संगणक नव्या प्रणालीसाठी तयार आहे.

"अहवालात काय लिहिणार?" पंचशीलानं विचारलं.

"मी प्रमुख पाहुणा हाय मॅडम," श्रीमंत म्हणाला. "प्रमुख पाहुणा पंचनामा करतो का कुठं? पण नवा पासवर्ड टाका. आत्ता. माझ्यासमोर."

तिनं टाकला. मग व्यंकटरावांना खुर्चीवर बसवलं आणि त्यांच्याकडून टाइप करून घेतला, एका बोटानं, तीनदा. मग पारूबाईकडून. पारूबाईला अक्षरं ओळखायला वेळ लागला, पण तिनं कुणाला मदत करू दिली नाही. मग श्रीमंतनं कॉम्प्युटर बंद केला आणि चालू केला. परत बंद केला, परत चालू केला. ज्ञानोबा म्हणाले, "मला करू द्या एकदा," आणि त्यांनीही केला.

तांबरवाडीचा टँकर दोनच्या आत निघाला. पंचशीलानं चतुराबाईला फोन करून कळवलं. चतुराबाई म्हणाली, "मंग सकाळी काय धाड भरली होती?"

टायपिंगचं बोलून गेले त्या मीटिंगनंतर मुदखेडची बदली ज्ञानोबांनी स्वतः अर्ज करून मागून घेतली होती.